सीटवरची चार बोटे

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
१४ जून

प्रिय मित्र गोविंद यास,

पद्माकरचा नमस्कार. साष्टांग घालण्याची इच्छा होती, परंतु डाव्या कोपरावर खपली असल्यामुळे उभ्यानेच घातला आहे, तो गोड मानून घ्यावा. (खपलीचा उलगडा योग्य स्थळी होईल.) तुझा नवा गुडघा कसा आहे? मार्चमध्ये तो बसवला तेव्हा तू म्हणालास की जुन्यापेक्षा हा कमी बोलतो. अजूनही तसाच मितभाषी असेल अशी आशा करतो. मेधावहिनींचा रक्तदाब आणि तुमच्या इमारतीतला पाण्याच्या टाकीचा वाद, दोन्ही आटोक्यात असतील. आमच्याकडे शैला ठीक आहे, मुलगा तन्मय आणि सून निहारिका ठीक आहेत, आणि अकरा वर्षांची नात ऋचा ठीकच्या बरीच पुढे गेलेली आहे. मी स्वतः कसा आहे, हाच या पत्राचा विषय असल्यामुळे येथे त्याचा निकाल देत नाही.

पत्रास कारण तुझे दोन शब्द. गेल्या महिन्यात आम्ही पाचही जण नेदरलँड्समध्ये आठ दिवस सायकलवरून हिंडलो. त्यातला एक फोटो मी तुला पाठवला: मागे पवनचक्क्या, पुढे गवत, आणि मध्ये सायकलचे हँडल धरून उभा असलेला मी. त्यावर तुझ्याकडून 'वा' नाही, 'छान' नाही, अंगठासुद्धा नाही. उत्तर आले, "चालवली कुणी?" छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की खरा प्रश्न तोच, ज्यातून निसटायला जागा उरत नाही. छत्तीस वर्षांत असा प्रश्न मला वर्गातून एकदाही आला नाही. तू वाणिज्य शाखेकडे गेलास याचे मला त्या दिवशी पुन्हा एकदा वाईट वाटले. फोनवर उत्तर देणे शक्य होते, पण माझा फोन माझ्यापेक्षा ऋचाच्या हातात अधिक असतो; आणि हे उत्तर अंगठ्याने टाइप करण्याजोगे नाही.

प्रथम वस्तुस्थिती. ती आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, तरीही युक्तिवादाच्या शिस्तीसाठी मांडतो. कॉलेजच्या चार वर्षांत सायकल माझी होती आणि पाय तुझे. वडिलांनी मला मॅट्रिकनंतर ती काळी सायकल घेऊन दिली. तुझ्या घरी सायकल नव्हती. तू सकाळी चालत आमच्या दारात येत असस, सायकल काढत असस, आणि मी पुस्तक उघडून कॅरिअरवर बसत असे. चौक तीस पावलांवर आला की मी उतरायचे, पोलिसाच्या समोरून तुझी-माझी ओळख नसल्यासारखे चालत जायचे, आणि पलीकडे पुन्हा बसायचे. (डबलसीटला त्या काळी पुण्यात जेवढा दरारा होता तेवढा दरोड्यालाही नसावा.) एकदा डेक्कनच्या चौकात एका हवालदाराने आपला हा डाव ओळखून दोन्ही चाकांची हवा सोडली. तू सायकल ढकलत नेलीस आणि मी तुला सावलीतून चालण्याचा सल्ला देत बरोबर आलो.

सायकल शिकण्याचा प्रयत्न मी केला नाही असे नव्हे. एका रविवारी तू मला मैदानावर नेलेस, सीट धरून मागे पळालास आणि म्हणालास, "चाकाकडे बघू नकोस, लांब बघ. चाक आपलं आपण येतं." चाक आपले आपण का यावे, यामागे कारण काय, असे मी विचारले. तू उत्तर शोधत असताना मी पडलो. त्यानंतर हा विषय आपण दोघांनीही काढला नाही. कॅरिअरवर वाचन उत्तम होत असे, आणि तुझी तक्रार नव्हती. निदान मी ती कधी विचारली नव्हती.

आता आमच्या सिंगापूरच्या घरातल्या भिंतीकडे वळू. तेथे एक फोटो आहे: वीस वर्षांचा मी, ती काळी सायकल, आणि चेहऱ्यावर मालकाचा भाव. फोटोत माझ्याशेजारी तू होतास. परंतु लग्नानंतर शैलाने तो फ्रेमला दिला तेव्हा फ्रेमवाल्याने मापात बसेना म्हणून एक बाजू कापली. त्यामुळे तुझ्यातली केवळ चार बोटे उरली आहेत. ती सीटवर आहेत. ऋचाने लहानपणी एकदा विचारले होते, "आजोबा, हूज फिंगर्स?" मी म्हणालो, "माझी नाहीत." विधान निर्दोष होते.

या फोटोवरून कुटुंबाने एक अनुमान केले. जेथे धूर तेथे अग्नी, तसेच जेथे जुना पुणेकर तेथे सायकलस्वार. मग पुराव्यांची रास पडत गेली. बाबांनी आयुष्यात स्कूटर घेतली नाही. पेट्रोलविषयी त्यांचे काही तत्त्व असावे. ती सायकल चोरीला गेल्यावर दुसरी घेतली नाही. तिच्यावर फार जीव असावा. तन्मयला सायकल शैलाने शिकवली. बाबा पेपर तपासत असावेत. गोविंदा, शपथेवर सांगतो, यातले एकही विधान मी केलेले नाही. अनुमान त्यांचे चुकले. मी फक्त ते दुरुस्त केले नाही. आणि चाळीस वर्षे दुरुस्त न केलेले अनुमान घरातल्या कपाटासारखे होते, ते हलवायचे म्हटले की मागची भिंत कशी दिसेल याची भीती वाटते.

ही भीती खरी झाली ती ऋचामुळे. तीन वर्षांपूर्वी ती उलू पांडान कालव्याच्या कडेला सायकलवरून पडली आणि तिने सायकलचे नाव टाकले. वर्षभर आईबापांनी समजावले, उपयोग झाला नाही. एके दिवशी मला म्हणाली, आजोबा, तुम्ही पडला नव्हता का? मी म्हणालो, पडलो होतो. (हेही निर्दोष.) मग मी कालव्याकाठच्या बाकावर बसून तिला तुझे वाक्य सांगितले: चाकाकडे बघू नकोस, लांब बघ, चाक आपलं आपण येतं. तिने कारण विचारले नाही. तासाभरात ती सायकल चालवू लागली. मग शाळेत 'आजोबांची सायकल' या विषयावर बोलून आली, वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या बहात्तराव्या वाढदिवसाला तन्मयने जाहीर केले की बाबांना ज्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत तेथे न्यायचे. ऋचाने वर्गाला शब्द दिला होता, आजोबा पवनचक्कीशेजारून सायकल चालवत जातील आणि ती व्हिडिओ आणून दाखवील. ती मुलगी माझ्या भरवशावर पुन्हा सायकलवर बसली होती. तो भरवसा खोटा होता असे तिला कळले तर ती सायकलवरून उतरेल की माझ्यावरून, एवढाच प्रश्न होता, आणि मला दोन्ही परवडणारे नव्हते.

खरे सांगून टाकण्याच्या संधी मला निदान तीन मिळाल्या. पहिल्या वेळी केक कापायचा होता, दुसऱ्या वेळी तिकिटे निघाली होती, तिसऱ्या वेळी मी तोंड उघडले आणि शैलाने विचारले, "काय, मीठ कमी आहे का?" मी म्हणालो, हो. तेव्हा मी गुपचूप शिकण्याचे ठरवले. सकाळी दहाला तन्मय चांगीच्या ऑफिसात, निहारिका तिच्या प्रयोगशाळेत आणि ऋचा शाळेत गेली की मी कालव्याकाठी जाऊन भाड्याची सायकल फोनने उघडत असे. शेजारी रोज हातवारे करत व्यायाम करणारे एक चिनी गृहस्थ असत. तीन दिवस त्यांनी माझी धडपड पाहिली. चौथ्या दिवशी जवळ येऊन म्हणाले, "अंकल, सायकल स्पॉइल आह?" मी म्हणालो, सायकल उत्तम आहे. त्यांनी विचार केला. "देन यू स्पॉइल." एवढे बोलून त्यांनी माझ्या हातातून सायकल घेतली, ती ठेवण्याच्या पिवळ्या चौकोनापर्यंत स्वतः ढकलत नेली, आणि मला किटलीतला गरम चहा दिला. त्यांचे नावही मला ठाऊक नाही, पण या पत्रात ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांच्यात त्यांचा क्रमांक वरचा आहे. (फोन तन्मयच्या खात्याला जोडलेला होता. त्याने संध्याकाळी पाहिले: पन्नास मिनिटांत दोनशे मीटर. त्याने कंपनीला ॲप नादुरुस्त असल्याचे कळवले.)

अशा तयारीनिशी आम्ही मेच्या मध्याला युट्रेख्त नावाच्या गावी उतरलो. सहलीच्या आराखड्याविषयी मी तन्मयला विचारले. हा माणूस ऑफिसात तक्ता केल्याशिवाय पाणी पीत नाही; तो म्हणाला, "बघू बाबा, जसं जमेल तसं. वाटलं तिथं थांबू." मला वाटते, आयुष्यात एवढे भीषण वाक्य मी ऐकले नव्हते. त्यातून सायकलच्या दुकानात गेलो तर तेथील सायकलींना हँडलला ब्रेकच नव्हते; पेडल उलटे मारले की गाडी थांबते. दुकानदार साठीचा, उंच, शांत गृहस्थ. मी त्याच्यापुढे क्रमाने पाच आक्षेप मांडले. सीटची उंची, ब्रेकचा अभाव, घंटीचे स्थान, वाहनाचे वजन, आणि पाचवा आक्षेप, जो मला आता आठवत नाही, पण तो सर्वांत सबळ होता. वीस मिनिटे त्याने ऐकून घेतले. मग वाकून माझ्या कानाशी इतकेच विचारले, "नेव्हर?" मी म्हणालो, "नेव्हर." तो सरळ झाला आणि तन्मयला मोठ्याने सांगू लागला की आपल्या वडिलांच्या उंचीला साजेशी सायकल आज शिल्लक नाही, तेव्हा या जोडप्यासाठी दोघांची एक लांब सायकल देतो. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे, आणि त्याच्या पाठीमागे किमान चाळीस सायकली उभ्या होत्या. त्या माणसाने तर्कशास्त्राचे एक पान वाचलेले नसेल, परंतु दुसऱ्याची लाज झाकताना किती बोलावे आणि कुठे थांबावे, याचे त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ नेमके ज्ञान होते.

बाबा पुढे बसा, असे निहारिका म्हणाली. त्यावर शैलाने पदर खोचावा तशी विंडचीटरची चेन ओढली आणि म्हणाली, "मी बसते पुढे. मला वारा आवडतो." ती सांगलीत शाळेला सायकलने जात असे, हे मला ऐकून माहीत होते, पण एकाहत्तराव्या वर्षी ती पुढच्या सीटवर बसून मागे न पाहता "बसलात?" असे विचारील, हे कोणत्याही पूर्वपक्षात नव्हते. या वाहनाविषयी तुला एक धोक्याची सूचना देतो. मागे बसणाऱ्यालाही पेडल असते, ते पुढच्याच्या पेडलला साखळीने जोडलेले असते, आणि ते फिरवण्यातून सुटका नाही. मागे बसणे आणि कष्ट करणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे मला प्रथमच कळले. ही व्यवस्था मला आरंभी अनैतिक वाटली. पुढे मी एक पद्धत शोधली: पाय पेडलबरोबर फिरू द्यायचे, मात्र जोर लावायचा नाही. शैलाच्या हे लक्षात आले नाही.

पुढचे चार दिवस मी तो देश शैलाच्या निळ्या विंडचीटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिला. डावीकडून गायी, उजवीकडून कालवे. कुठे कुठे रस्ता पाण्याच्या पातळीच्या खाली आणि बोट डोक्याच्या वरून जात होती, पण त्याची कुणाला फिकीर दिसली नाही. तेथे सायकलच्या वाटांवर दर काही मैलांनी एक आकडा लिहिलेली पाटी असते. ज्या आकड्यांवरून जायचे ते चिठ्ठीवर लिहून घेतले की माणूस एकाही गावाचे नाव न घेता देशभर फिरू शकतो. ही कल्पना मला इतकी आवडली की मी आकडे वाचण्याचे काम मागून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खौडा या चीजच्या गावी पोहोचायचे ते भलत्याच गावी पोहोचलो. माझा आकडा बरोबर होता. चिठ्ठी आदल्या दिवशीची होती. तन्मय रागावेल असे वाटले. तो पाटीखाली गवतावर बसला, मोजे काढले आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही चुकलात. मला बरं वाटतंय." मुलाला बापाच्या चुकीने असे सुख व्हावे याचे मला प्रथम नवल वाटले, आणि नंतर, वारा समोरून असताना विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो, थोडी लाज वाटली.

ते भलते गाव औडेवाटर होते. तेथे एक जुना तराजू आहे. शेकडो वर्षांपूर्वी चेटकीण असल्याचा आळ आलेल्या बाया दूरदुरून तेथे येत. त्यांना तोलून, वजन देहाला साजेसे आहे असा दाखला दिला जात असे, आणि त्यांचा जीव वाचत असे. आता प्रवाशांनाही तोलून तसा दाखला देतात. इतरत्र सगळे लोक आरोप करण्यात गुंतले असताना एका गावाने शांतपणे तराजू लावावा, याने मी फार प्रभावित झालो. मी दाखला घेतला. माझे वजन अगदी नैसर्गिक आहे असे त्यावर लिहिले आहे. शैला म्हणाली, "ते मी दोन दिवस ओढतेय, मला विचारलं असतं तर मीही लिहून दिलं असतं."

(वाऱ्याविषयी दोन शब्द. तेथे चढ नाहीत, त्यांची जागा वाऱ्याने भरून काढली आहे. जाताना तो समोरून होता, तेव्हा तन्मय म्हणाला की येताना मागून असेल. येताना त्याने मत बदलले होते. एका सरीत आम्हाला एका शेतकरीणबाईने गोठ्यात घेतले, तिला मराठी येत नव्हते आणि आम्हाला तिची भाषा, तरी तिने पाच जणांना टॉवेल आणि सफरचंदाचा केक दिला. केक गरम होता. टॉवेलही.)

आता मुख्य विषय. पाचव्या दिवशी आम्ही सायकलींसकट नावेने एक रुंद नदी ओलांडली आणि बांधावरून निघालो. लांबवर पवनचक्क्या दिसू लागल्या. ऋचा थांबली, तिने आपली सायकल बांधाच्या मधोमध उभी केली, आणि सांगितले, "आजोबा, नाऊ यू टेक माइन. आय सिट बिहाइंड आजी." निहारिकाने फोन काढला. तन्मयने चष्मा पुसला. शैला दूर मेंढ्यांकडे पाहत होती. मी खाली उतरलो, ऋचाच्या सायकलचे हँडल धरले (तुला पाठवलेला फोटो त्याच क्षणाचा आहे, त्यातला माझा आत्मविश्वास अकरा वर्षांच्या मुलीने वाट पाहिल्यामुळे आलेला आहे), आणि बोलू लागलो. मी म्हणालो, ऋचा, येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सायकल असणे ही एक, आणि सायकलविषयी ज्ञान असणे ही दुसरी, शिवाय ज्ञानाचेही दोन प्रकार संभवतात.

ती म्हणाली, "आजोबा. कॅन ऑर कॅनॉट?"

आयुष्यात मी कित्येक वादसभा केल्या, काशीहून आलेल्या पंडितांशी दोन दोन तास बोललो, पण माझी उलटतपासणी झाली ती त्या बांधावर.

"कॅनॉट," मी म्हणालो.

ऋचाच्या चेहऱ्यावर मी राग शोधला, तो दिसला नाही. ती गणित करत होती. मग म्हणाली, "देन हू सायकल्ड?" मी म्हणालो, गोविंद. "हू इज गोविंद?"

गोविंदा, हा प्रश्न तुझ्या प्रश्नापेक्षाही अवघड होता. तन्मयला तू ठाऊक आहेस, दिवाळीला फोन करणारे आणि बाबांना 'पद्या' म्हणणारे गोविंदकाका म्हणून. माझ्या नातीला तू ठाऊकच नव्हतास. तिला मी पुण्याच्या पहाटेचे धुके सांगितले होते, पोलीस सांगितला होता, सोडलेली हवा सांगितली होती. आणि प्रत्येक गोष्टीतून सायकल चालवणारा माणूस तेवढा काढून घेतला होता. फ्रेमवाल्याने एका फोटोची एक बाजू कापली, तीही मापासाठी. मी पन्नास वर्षे कापत होतो. मला सायकल येत नाही हे लपवताना माझ्या हातून तू लपवला गेलास, आणि हे मला एका परक्या देशात मेंढ्यांच्या साक्षीने कळले. मी बांधाच्या कडेला बसलो आणि सगळे सांगितले. मैदान, कॅरिअर, चौक, सावली, आणि ते वाक्यही तुझेच होते हे. तन्मय म्हणाला, "म्हणजे चार वर्षं रोज गोविंदकाकांनी?" मी म्हणालो, रविवार सोडून. ऋचा एकदम म्हणाली, "सो द फिंगर्स आर हिज," आणि मी मान हलवली.

मी शैलाला म्हणालो, तुला धक्का बसला असेल. ती म्हणाली, "मला कशाला बसेल? मी तुमच्या मागच्या वर्गात होते. कॉलेजच्या फाटकात रोज बघायचे. पुढचा घामाघूम, मागचा पुस्तकात." मी विचारले, मग चव्वेचाळीस वर्षांत बोलली का नाहीस? "तुम्ही विषय काढला नाहीत." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तुमच्यापेक्षा मला त्यांचंच कौतुक वाटायचं. पण माझ्या घरी स्थळ तुमचं आलं." (हे वाक्य मेधावहिनींना वाचून दाखवू नये.)

मला वाटले होते, ऋचा आता सायकल उचलून निघून जाईल. ती मागे गेली, सीट धरली आणि म्हणाली, "सिट." मी बसलो. मग तिने, जी घरात पाणीसुद्धा इंग्रजीत मागते, शुद्ध मराठीत सांगितले, "चाकाकडे बघू नका, लांब बघा. चाक आपलं आपण येतं." उच्चार तुझा होता. तो माझ्यामार्फत तिच्यापर्यंत पोहोचला असेल, पण होता तुझाच. या खेपेस मी कारण विचारले नाही. लांब पाहिले. पवनचक्क्या पाहिल्या. चाक आले.

निहारिकाच्या व्हिडिओनुसार हा प्रवास अकरा सेकंदांचा होता, आणि शेवटचे सात सेकंद ऋचाने सीट सोडलेली होती, कारण तिचा पळण्याचा आवाज मला ऐकू येत नव्हता. बाराव्या सेकंदाला समोरून ऐंशीच्या पुढच्या एक आजीबाई टोपलीत फुले आणि पाव घेऊन सायकलवरून आल्या. त्यांनी घंटी वाजवली. तिला उत्तर म्हणून मी मान लववली, आणि बांधाच्या उतारावरून मेंढ्यांमध्ये गेलो. कोपराची खपली ती हीच. आजीबाई उतरल्या, मला गवतातून उठवले, त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि पुन्हा सायकलवर बसून निघून गेल्या. तन्मयचा तर्क असा की, पुढच्या वेळी मान लववू नका, असे त्या म्हणाल्या असाव्यात.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर. चालवली कुणी? आठ दिवसांपैकी अकरा सेकंद, मी. बाकी सर्व काळ, कॉलेजात आणि नेदरलँड्समध्ये, दुसऱ्याच कुणीतरी. आमच्या शास्त्रात कोणताही सिद्धान्त पाच पायऱ्यांनी मांडतात, म्हणून तसाच मांडतो. प्रतिज्ञा: पद्माकर कृतघ्न आहे. हेतू: कारण ज्याच्या पायांवर तो चार वर्षे कॉलेजला पोहोचला, त्याचे नाव त्याने घरात घेतले नाही. उदाहरण: भिंतीवरचा फोटो. उपनय: हे पत्र. पाचवी पायरी निष्कर्षाची असते. ती मी लिहिलेली नाही. ती तू लिहावीस, आणि माझ्यावर दया करायची असेल तर तिथे करावीस. आभार मानण्याची आपल्यात रीत नव्हती. तरी मी ते मानतो, कोपर दुखत असताना आणि पूर्ण विचारांती.

मेधावहिनींना नमस्कार सांग. गुडघ्यालाही.

तुझ्या पाठीमागे बसलेला,
पद्माकर

ता. क. १: मूळ फोटोची न कापलेली प्रत तुझ्याकडे असली पाहिजे, तू ती ट्रंकेत ठेवली होतीस. तीच मागण्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला बसलो होतो, बाकीचे मध्ये आले. तिची नक्कल पाठव. नवी फ्रेम आणली आहे, ती जुनीपेक्षा दुप्पट रुंद आहे, आणि भिंतीवर तेवढी जागा ऋचाने टेप लावून राखून ठेवली आहे. वर्गात तिने व्हिडिओ दाखवला, पण आता बाईंना गोविंदकाका पाहायचे आहेत.

ता. क. २: डिसेंबरात तुम्ही दोघांनी येथे यावे. व्हिसाचे तन्मय पाहील. ईस्ट कोस्ट पार्कमध्ये दोघांची सायकल भाड्याने मिळते. मी रोज सकाळी ऋचाच्या देखरेखीखाली सराव करतो आहे. पुढे मी बसणार आणि मागे तू. नव्या गुडघ्याला जोर लावण्याचे कारण नाही. मागच्याने नुसते पाय फिरू दिले तरी पुढच्याला कळत नाही, हे मी वर लिहिलेच आहे. खात्रीसाठी आत्ता शैलाला विचारले. ती म्हणाली, "कळतं. सांगायचं नसतं."

ता. क. ३: पाकीट बंद करण्यापूर्वी ते अकरा सेकंदांचे चित्रण मी सावकाश करून पुन्हा पाहिले. पुराव्याला धरून राहणे भाग आहे, म्हणून कळवतो: पहिल्यापासून अकराव्या सेकंदापर्यंत सीटच्या मागे चार बोटे दिसतात. लहान आहेत. चौथ्या सेकंदाला ऋचाच्या चपला सुटल्या आणि पुढे ती अनवाणी पळत होती, म्हणून आवाज आला नाही. मी ऋचाला विचारले, सोडली का नव्हतीस? ती म्हणाली, "आजोबा, यू नेव्हर से लेट गो." तेव्हा वरचे उत्तर दुरुस्त करून वाचावे: चालवली मी, धरली तिने. वर्गात दाखवण्यापूर्वी तन्मय तो व्हिडिओ दोन्ही बाजूंनी थोडा कापणार होता, नीट दिसावा म्हणून. मी कापू दिला नाही.